सव्वा मूठ

भोनखेड्यात माझ्या वाट्याला आली एकशे बेचाळीस दारं.
शाळा सुटली की निघायचं, दिवस मावळायच्या आत
जमतील तेवढी माणसं कागदावर उतरवायची.
पुढे दगा कोतवाल, हातात गेरूचा डबा
आणि नारळाच्या शेंडीचा कुंचला.

दारांवर आधीचे आकडे आहेतच.
गेल्या वेळचा, त्याच्याआधीचा,
पोलिओवाल्यांचा खडूचा बाण.
दगा त्यांच्याच शेजारी नवा आकडा काढतो
आणि कुलपाकडे न बघता सांगतो :
"उधना. हाई लिंबायत. हाई बी उधना.
नदी जास तठेज बठ्ठा.
आनि हाई उखाभाऊनं घर,
बारडोलीले गयात ऊस तोडाले, होळीले येतीन."
मी लिहिते, कुलूपबंद. कुलूपबंद.
पुढे नुसत्या खुणा.
"निवडणूकमा देखा ना मॅडम,
दोन लक्झऱ्या भरीसन येतस."

प्रशिक्षणात साहेबांनी फळ्यावर लिहून दिलं होतं :
सहा महिने राहील तो इथला.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं,
आणि पाच महिने राहणारा?
साहेब म्हणाले, चहा घ्या.

सत्तावन्न नंबरचं दार उघडं होतं.
अंगणात खाटेवर बिबड्या वाळत घातलेल्या,
राखणीला केवळबाई, हातात कावळ्यांसाठी काठी.
घरात किती माणसं, आजी?
"पाच."
आत्ता इथे कोण कोण?
"मी."
म्हणजे सहा.
"नही माय. पाच."

आणि बोटांची पेरं धरत ती सांगू लागली.
श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटाचे गहू
घरातल्या माणसागणिक घ्यायचे, सव्वा सव्वा मूठ.
मोठा आंडोर. धाकला. तीन नातू.
"तिसरा तठेज जनमेल, गाव बी देखं नही त्यानी,
पन त्यानी मूठ मी टाकस."
आणि तुमची?
ती हसली. दात दोनच, पण हसू भरपूर.
"बाईनी मूठ राहस का रोटमा?"

माझ्या कागदावर एक माणूस होतं, ते तिच्या मोजणीत नव्हतं.
तिच्या मोजणीत पाच होते, ते माझ्या कागदावर मावेनात.
आम्ही दोघी थोडा वेळ बिबड्यांकडे बघत बसलो.

जन्मगाव विचारलं. सांगितलं तिने,
मग म्हणाली, धरणात गेलं ते.
रकान्यात मात्र बसलं बरोबर.

गाव सोडण्याचं कारण : काम, धंदा, शिक्षण, लग्न.
मी न विचारताच लग्नावर खूण केली.
गल्लीच्या तोंडापासून तेच करत आले होते.
पुरुष गेले ते कामाने,
बाया आल्या त्या लग्नाने.
गेलेल्यांची सगळ्यांना आठवण,
त्यांच्या नावाने अजून रात्री दिवा राहतो ओट्यावर.
पण या पारावर बसून कधी कोणी म्हटलं नाही
की आपल्या गावातल्या निम्म्या माणसांचं
हे गावच नाही.

शहाद्याला आमच्या गल्लीत मोजणी झाली
तेव्हा चौधरी सर आले होते.
मी आत चहा टाकत होते.
नवऱ्याने बाहेर बसूनच सांगितलं सगळं,
माझं वय, शिक्षण, नोकरी.
पाचोऱ्याची मी इथे कशी, ते
सरांनी विचारलं नाही, मीही कप मोजत होते.

निघताना केवळबाईने वर्तमानपत्र पसरलं.
"घरमा कितला जन शेतस?"
मी म्हटलं, चार.
तिने वाळलेल्यातल्या चार बिबड्या निवडल्या,
एक जरा फुटकी होती ती बदलून दिली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली.
बोटाला गेरू लागला होता, तो पुसता पुसता
सहज पुन्हा मोजली घरातली माणसं,
सासूबाई, हे, दोन्ही मुलं.

प्रकाशा येईपर्यंत
पाच झाली.